डेट गेलेला तलाव

"गनपती उठलं, की त्या खोलीत कांदा जाईल," असं रामहरी अण्णांनी पोळ्याच्या दिवशी जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या एका हातात पुरणपोळी होती आणि दुसऱ्या हातात बैलाचं शिंग. अशा अवस्थेत दिलेला शब्द कुणी मागं घेत नाही. अण्णा तर कुठल्याच अवस्थेत घेत नसत. एकदा मेव्हण्याशी वाजलं तेव्हा ते "तुझ्या दारात पाय ठेवनार न्हाई" असं बोलून बसले होते. पुढं त्याच मेव्हण्याच्या मुलीचं लग्न निघालं. अण्णा गेले. फेटा बांधून, आहेर घेऊन, खिडकीतून. शब्द मोडला नाही, धोतर तेवढं फाटलं.

त्यामुळं त्यांच्या मुलानं, वैजनाथनं ते ऐकलं आणि हातातली पोळी ताटात ठेवली. कारण 'ती खोली' म्हणजे कांद्याच्या चाळीला लागून असलेली पत्र्याची खोली, आणि त्या खोलीत त्याचं सगळं आयुष्य होतं. फक्त ते बरंच लहान करून ठेवलेलं होतं. बोटाएवढी एसटी होती, तिच्या मागच्या काचेवर 'हात दाखवा' असं भिंगातून वाचता येत होतं. काडेपेटीएवढा ट्रॅक्टर होता. शाळेच्या सहलीत नगरचं रणगाड्यांचं संग्रहालय पाहून आल्यावर केलेला पहिलावहिला रणगाडा होता. तो पाहून लंकाबाईंनी, म्हणजे त्याच्या आईनं, "ह्यानं नांगरट व्हती का?" एवढंच विचारलं होतं.

"अण्णा, चाळ आहे की कांद्याला."

"चाळीचं पत्रं गळतंय."

"पाऊस कुठाय पण?"

"आला तर?" अण्णा म्हणाले. पारनेर तालुक्यातल्या धोंडगव्हाणात या 'आला तर'वर माणसं पेरणी करतात, लग्न ठरवतात आणि बोअर घेतात. त्यापुढं बोलण्यात अर्थ नव्हता.

तरी लंकाबाई मध्ये पडल्या. "आवो, पोराचा जीव हाय त्यात."

अण्णांनी बैलाचं शिंग सोडून जरा विचार केला. "बरं. गावातल्या एका मानसानं येऊन म्हनावं, ह्या पोराच्या उद्योगाचा गावाला उपयोग झाला. मंग बघू."

वैजनाथनं मनातल्या मनात गावातली माणसं मोजायला घेतली आणि स्वतःपाशीच येऊन थांबला.

*

उपयोग चालून आला तो सहादेवच्या रूपानं. सहादेव गणपती मंडळाचा अध्यक्ष. मागच्या वर्षी त्यानं पाण्याची मोठी टाकी आडवी करून तिचं अंतराळयान बनवलं होतं. तिसऱ्या दिवशी गावाला टाकी लागली, तेव्हा यान उभं करून त्यात पाणी भरावं लागलं आणि अंतराळवीर म्हणून आत बसवलेला बाहुला नंतर कुणाच्या तरी हंड्यात निघाला. या वर्षी असलं काही नको, असं मंडळात ठरलं होतं.

"वैजूशेठ, आपलं अख्खं गाव बनव," सहादेव म्हणाला. "घरं, देऊळ, शाळा, तलाव. सगळं. मंडपात मधोमध ठेवू."

"तलाव कोरडा दाखवायचा ना? जसा आहे तसा?"

सहादेवनं त्याच्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "देखावा म्हंजे काय? जे न्हाई ते दावायचं. जे हाय ते बघायला लोकं मंडपात कशाला येत्याल?"

म्हणजे तलाव भरायचा होता. भादवा लागला तरी गावचा पाझर तलाव असा पडला होता, की त्यात पोरं क्रिकेट खेळत आणि सिक्सर गेला तर तो सांडव्यावरून जाई. गाव एक दिवसाआड येणाऱ्या टँकरवर चालत होतं.

वैजनाथ कामाला लागला. प्लायवूड जड होईल म्हणून थर्माकोलची पाटी, तिच्यावर प्लास्टरचे डोंगर, पुठ्ठ्याची घरं, भांडी घासायच्या काथ्याच्या बाभळी. सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान. बातमी फुटली तशी माणसं आपापलं घर तपासायला येऊ लागली. एक जण काडेपेटीच्या काडीनं आपला बांध मोजून गेला आणि शेजाऱ्यानं पाव काडी दाबल्याचं सांगत सुटला. सत्यशीला काकूंनी दारात बसलेली सून काढून टाकायला लावली. "ती कवा दारात बसती? मोबाईल घेऊन आत असती. आत टाक तिला." वैजनाथनं छप्पर उचलून सून आत टाकली.

लंकाबाई स्वतःचं घर बघून हिरमुसल्या. "एवढंसंच?"

"सत्त्याऐंशीपट लहान आहे, आई. सगळ्यांचं सारखंच."

"मंग शेजारच्यांचं शंभरपट कर."

राहिलं ते पाणी. पाणी रंगानं होत नाही. निळा रंग दिला तर निळा रंगच दिसतो. तळाला मातकट-हिरवा रंग द्यायचा आणि वरून पारदर्शक ॲक्रिलिकचे हात चढवत न्यायचे, की खाली तळ दिसतो, वर आभाळ दिसतं आणि मधे जे काही दिसतं त्याला बघणारा आपोआप पाणी म्हणतो. पण असलं क्लिअर ॲक्रिलिक पारनेरच्या हार्डवेअरवाल्याकडं नव्हतं. त्यानं दाराला मारायचं वॉर्निश पुढं केलं होतं. त्यानं तलाव चहासारखा दिसला असता.

म्हणून वैजनाथ एसटीनं नगरला, सावेडीत फिलिप सरांकडं गेला.

*

फिलिप सर म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक. वैजनाथच्या शाळेत होते, आणि ट्रेसिंगपेपर आणि फेविकॉल सोडून जगातल्या कशावरच त्यांचा राग नव्हता. त्यांच्या फ्लॅटच्या छताला छोटी छोटी विमानं टांगलेली होती आणि त्यांच्याखाली सरांच्या पत्नी मरियाबाई लसूण सोलत बसल्या होत्या, डोक्यावर एवढी हवाई वाहतूक असल्याची पर्वा न करता.

"ऑपरेशननंतर डोळ्यांना बारीक काम झेपत नाही," सर म्हणाले आणि कपाटातून अर्धी भरलेली बाटली काढली. "ही घेऊन जा. क्लिअर ॲक्रिलिक. विमानाच्या काचा मी यातच बुडवायचो. आतला पायलट घाबरलेला दिसायचा, इतकं स्वच्छ."

वैजनाथनं बाटली फिरवून मागचं वाचलं. "सर, याची तारीख उलटून दोन वर्षं झालीत."

"ती तारीख कंपनीची असते, वैजनाथ. बाटलीला ती वाचता येत नाही." सरांनी झाकण उघडून बाटली त्याच्या नाकाखाली धरली. "काय वास येतो?"

"उग्र. नाकात जातोय."

"उग्र चालतो. आंबट दुधाचा आला असता तर फेकून दिली असती. आत दह्यासारख्या गुठळ्या झाल्या तरी फेकायची. नुसती साय धरली असेल तर गाळून घ्यायची." त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि मरियाबाईंच्या खुर्चीवरची ओढणी उचलली.

"ती धुतलेली आहे," मरियाबाई लसणातून मान वर न काढता म्हणाल्या.

"म्हणूनच घेतली," सर म्हणाले आणि गाळू लागले. "आता ऐक. बाटली खळखळून हलवायची नाही, बुडबुडे धरतात. कुशीवर वळवायची, तान्ह्या बाळाला वळवतात तशी. आधी प्लास्टिकच्या चमच्याला लावून बघ. दुसऱ्या दिवशी नखानं टोकरलं आणि निघालं नाही, तर माल चांगला. हात पातळ द्यायचे. एक वाळला की दुसरा. हवा दमट असेल तर दुधाळतं, तेव्हा घाई करायची नाही. आणि काहीही झालं तरी एकदम ओतायचं नाही."

"ओतलं तर?"

"वरून वाळतं, आतून कधीच वाळत नाही. माझ्या मेहुण्यासारखं."

"तो बिचारा सुधारलाय आता," मरियाबाई म्हणाल्या.

"वरून," सर म्हणाले.

निघताना वैजनाथनं विचारलं, "आणि चुकलंच काही, तर?"

"काच पुसायचा निळा फवारा असतो बघ, अमोनियावाला. त्यानं हे विरघळतं. त्यामुळं एरवी तो जवळसुद्धा आणू नकोस."

*

घरी अण्णांनी बाटली हातात घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि तारीख वाचली. अण्णांच्या हिशेबी बाटलीतलं जे जे प्यायचं नसतं ते औषध. "डेट गेलेलं औषध हाय हे. मारलं तर पीक जळंल."

"पिकावर नाही मारायचं, अण्णा. तलावावर मारायचंय."

अण्णांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. बी.एस्सी.पर्यंत शिकवल्याचा असा मोबदला मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

वैजनाथ प्लास्टिकच्या चमच्यावर ब्रश फिरवायला लागला, तशी अण्णांनी चमचा काढून घेतला. "चमच्याला काय इचारतो? चमचा कवा नासलेला बघितलाय का? टिकनं न टिकनं त्याला काय कळतंय?" ते चाळीत गेले आणि एक गावरान कांदा घेऊन आले. गोल, तांबूस, मान सुकलेला, वैशाखापासून राखलेला. "ह्याला लाव. ह्याला कळतं."

टिकण्याच्या बाबतीत अण्णांचा शब्द पाच-सहा गावांत चालायचा. नुसत्या वासावरनं ते चाळीतला नासका कांदा कुठल्या थरात आहे ते सांगत. त्यामुळं वैजनाथनं वाद घातला नाही. चमच्यालाही हात दिला आणि कांद्यालाही. कांदा मानेला सुतळी बांधून खिडकीत टांगला.

दुसऱ्या दिवशी चमचा काचेसारखा झाला होता. कांदा मात्र वेगळ्याच पातळीवर गेला होता. तो चमकत होता. त्यात खिडकी दिसत होती, खिडकीतला गोठा दिसत होता आणि वाकून बघणारे अण्णाही दिसत होते. अण्णांनी त्याला टिचकी मारली, हुंगला, कानापाशी नेला. मग तो घरात नेऊन देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवला. देव्हाऱ्यात नाही, देवाला कांदा चालत नाही. पण शेजार मिळाला, हेही कांद्याला थोडकं नव्हतं.

मग वैजनाथनं पातळ हात द्यायला घेतले. सकाळी एक, संध्याकाळी एक. आभाळ भरून आलं की थांबायचं, उघडलं की पुन्हा. गौरी आल्या, जेवल्या. तो ब्रश धुवत होता. आणि एका सकाळी त्यानं दार उघडलं, तर तलावात पाणी होतं. कडेला पातळ, मधे खोल, वर खिडकीतल्या आभाळाचा तुकडा. पत्र्याखालची चिमणी उतरली, काठावर बसली, चोच मारली. टक्‌ असा आवाज झाला. चिमणीनं वैजनाथकडं अशी नजर टाकली, जशी निवडणुकीनंतर माणसं टाकतात, आणि उडून गेली.

त्याच दिवशी पाटी मंडपात गेली. सहादेवनं जमिनीवर आडवं पडून, मागं खरा डोंगर येईल असा मोबाईल धरून फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. 'आपल्या मंडळाचा देखावा. धोंडगव्हाणचा तुडुंब तलाव.'

*

फोटो पुढं गेला. पहिल्या उडीत 'मंडळाचा' गळालं. दुसऱ्या उडीत 'देखावा' गळालं. संध्याकाळपर्यंत उरलं ते 'धोंडगव्हाणचा तुडुंब तलाव' आणि खाली हात जोडलेल्या आठ बाहुल्या.

कोल्हारहून लंकाबाईंच्या बहिणीचा फोन आला. "अगं, पानी आलं म्हनं तुमच्याकडं. साड्या धुवायला येऊ का?" पुण्यात कामाला असलेली पोरं पोहायला यायचं ठरवू लागली. एकानं मासे सोडायचे का विचारलं. इथवर गंमत होती. पण दुसऱ्या दिवशी टँकर आला नाही. सहादेवनं टँकरवाल्याला फोन लावला.

"फोटू बघितला मी," टँकरवाला म्हणाला. त्याचा आवाज दुखावलेला होता. "सांडव्यापत्तुर पानी हाय. आन मी येड्यावानी घाट चढून येतोय तुमाला पानी पाजायला. लई लबाड लोकं तुमी."

"आरं, तो देखावा हाय."

"व्हय. आन मी पायलट हाय," म्हणून त्यानं फोन ठेवला.

तासाभरात गावातल्या बाया रिकाम्या कळशा घेऊन वैजनाथच्या खोलीपुढं उभ्या राहिल्या. नुसत्या कळशा वाजत होत्या. सत्यशीला काकूंनी तेवढं विचारलं, "तुज्या तळ्यातून किती भरंल रं? एक चमचा?"

अण्णा गोठ्यातून आले. त्यांनी खोलीकडं असं बघितलं, की कुठली भिंत आधी पाडावी लागेल याचा ते अंदाज घेतायत असं वाटावं. "गावाला उपयोग व्हावा म्हनलं हुतं मी," ते म्हणाले. "गावाचं पानी तोड म्हनलं न्हवतं."

वैजनाथला खोलीत कांदा दिसू लागला. एसटीवर कांदा, ट्रॅक्टरवर कांदा, रणगाड्याच्या तोफेत अडकलेली पात.

आणि याच्यावर कडी म्हणजे श्रीमंतभाऊंच्या माणसाचा फोन आला. भाऊ माजी सभापती. हा तलाव आपण मंजूर करून आणला असं ते गेली वीस वर्षं प्रत्येक सभेत सांगत आले होते. त्यात पाणी आल्याचं मात्र त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. तलाव भरला की पुढारी येतो, पाण्याची खणा-नारळानं ओटी भरतो, साडी वाहतो, हात जोडतो, फोटो निघतो. त्याला जलपूजन म्हणतात आणि ते चुकवलेलं कुठल्याच पुढाऱ्याला परवडत नाही. भाऊ उद्या दुपारी येत होते. बॅनरसुद्धा छापून झाला होता. 'सांडव्यावरून ओसंडून वाहणाऱ्या तलावाचे जलपूजन.'

"त्यांना सांगून टाकू, पाणी नाही म्हणून," वैजनाथ म्हणाला.

"आन आलेला मानूस वाटंतनं परत घालवायचा?" सहादेव म्हणाला. "येऊ दे. मंडपातल्या तलावाचंच पूजन करू, आन टँकरचं त्यांच्याच कानावर घालू. भाऊंना पानी दिसलं म्हंजे झालं. खोली ते कुठल्याच तलावाची इचारत न्हाईत." मग त्यानं तलावाकडं निरखून बघितलं. "एक मातुर हाय. बॅनरवर ओसंडून वाहनारा म्हनलंय. हा नुसता भरलाय."

"सहादेवभाऊ, एकेक पातळ हात द्यावा लागतो. चार दिवस लागतील."

"उद्या दुपारी येत्यात."

"एकदम ओतलं तर आतून वाळत नाही."

"भाऊ काय आत बघनार हायेत का?"

माणसं चुका करतात त्या माहिती नसते म्हणून. वैजनाथनं ही चूक सगळी माहिती असताना, सगळं आठवत असताना, फिलिप सरांचा मेहुणा डोळ्यांपुढं उभा असताना केली. त्यानं सकाळी बाटली कुशीवर वळवली, बुडबुडे येणार नाहीत इतक्या मायेनं, आणि उरलेली सगळी तलावात ओतली.

*

पाणी आधी दुधाळलं. मंडपातले दोन्ही पंखे त्याच्यावर सोडले तेव्हा दुपारपर्यंत वर पातळ कातडी धरली आणि सांडव्याच्या ओठावर एक फुगीर थेंब उभा राहिला. आता पडेल, मग पडेल असा. खरंच सुंदर दिसत होतं. वैजनाथनं हात लावून बघितला नाही. ज्या गोष्टीचं उत्तर माहिती असतं ती माणूस विचारत नाही.

भाऊ आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट, काळा चष्मा. गाडीतून उतरून त्यांनी विचारलं, "तलावाकडं जायचं ना आधी?"

"भाऊ, तिकडचा रस्ता पान्याखाली गेलाय," सहादेव म्हणाला. "म्हनून तलावच हिकडं आनलाय."

भाऊंनी दोन पावलं टाकली, थांबले, चष्मा काढला आणि पाटीवरून अशी मान फिरवली, जशी हेलिकॉप्टरमधून पाहणी करतात. वैजनाथ मंडपाच्या मागच्या बाजूला सरकला. पण भाऊंबरोबर आलेला फोटोग्राफर पुढं झाला आणि म्हणाला, "भाऊ, बेस्ट आहे. प्रत्येक ठिकाणी एक तर तलाव कट होतो, नाहीतर तुम्ही. इथं दोन्ही बसतंय."

भाऊंचं समाधान झालं.

लंकाबाईंनी हळद-कुंकवाचं ताट पुढं केलं. भाऊंनी तलावाला हळद-कुंकू वाहिलं. ते बुडालं नाही, पसरलं नाही, जिथं पडलं तिथंच राहिलं. मग नारळ ठेवला. नारळ देवळापेक्षा मोठा होता, पण पाण्यात उभा राहिला, डुललासुद्धा नाही. "बघा, नारळ तरंगतोय," भाऊ म्हणाले. साडीची घडी ठेवली, तिच्याखाली शाळा आणि निम्मी आळी गेली. आणि शेवटी भाऊंनी वाकून, डोळे मिटून, डोळ्यांना पाणी लावावं म्हणून तळहात तलावात टेकवला.

कातडी फुटल्याचा बारीक आवाज वैजनाथलाच तेवढा ऐकू आला.

भाऊंनी डोळे उघडले. हात उचलला. हाताबरोबर तलाव उचलला गेला. तलावाबरोबर डोंगर, देऊळ आणि काथ्याच्या बाभळी आल्या. थर्माकोलची पाटी हलकी करण्यात वैजनाथनं फार मेहनत घेतली होती. भाऊंनी हात खाली केला, गाव खाली गेलं. वर केला, वर आलं. लोक हे पहिल्यांदाच बघत होते, म्हणून टाळ्या वाजवाव्यात की कसं हे त्यांना कळेना.

"आता भाऊ दोन शब्द बोलतील," सहादेव म्हणाला. कार्यक्रमपत्रिकेत पुढं तेच होतं.

भाऊ मुरलेले होते. ते तसेच वळले, पाटीचं दुसरं टोक दोघांनी धरलं, आणि भाऊ बोलू लागले. "या गावाशी माझं नातं," इथं त्यांनी हात सोडवायचा शेवटचा प्रयत्न केला, "सहजासहजी तुटणारं नाही." एवढं खरं वाक्य त्या मंडपात आजवर कुणी बोललं नव्हतं. टाळ्या पडल्या. एक घर निसटून भाऊंच्या शर्टाच्या खिशात गेलं. ते सत्यशीला काकूंचं होतं, आणि आत सून होती.

वैजनाथनं मंडपामागं जाऊन फिलिप सरांना फोन लावला.

"ओतलंस," सर म्हणाले. हॅलोसुद्धा नाही.

"हो, सर. त्यात माजी सभापती अडकलेत."

पलीकडून मरियाबाईंचा आवाज, "कोण अडकलंय?" आणि सरांचा, "सभापती." आणि पुन्हा मरियाबाईंचा, "माजी का आजी?"

"फवारा मार," सर म्हणाले.

फवारा भाऊंच्या ड्रायव्हरकडंच निघाला. गाडीची काच तो दिवसातून चारदा पुसायचा. त्यानं भाऊंच्या हातावर, म्हणजे तलावावर, फस्‌ फस्‌ मारायला घेतलं. पाणी आधी दुधासारखं झालं, मग पातळ झालं, मग खरोखर सांडव्यावरून ओसंडून भाऊंच्या पांढऱ्या पँटवर पडलं. बॅनर खरा ठरला. फवारा संपता संपता हात सुटला, नारळ कलंडला, आणि तलाव आटला. तळाचा मातकट रंग तडकून त्याच्या पापुद्र्यांना भेगा पडल्या होत्या. आता तो हुबेहूब गावच्या तलावासारखा दिसत होता.

भाऊ बघत राहिले. "पाणी कुठं गेलं?"

सहादेवनं पंख्याकडं बघितलं. मग मागून अण्णा पुढं आले.

"ते असंच जातं, भाऊ," अण्णा म्हणाले. "खरा बी असाच हाय. चला, दावतो. रस्ता कोरडा हाय. तुमी फोटू बघून आला, टँकरवाला फोटू बघून यायचा थांबला. बायका कळशा घेऊन बसल्यात."

भाऊंनी बायकांकडं बघितलं. इतक्या लोकांपुढं आणि ओल्या पँटनं माणूस एकच गोष्ट करू शकतो. त्यांनी खिशातून मोबाईल काढला, टँकरच्या मालकाला लावला आणि म्हणाले, "हां, ते धोंडगव्हाणचं जरा बघा. बरं, ठेवतो."

आणि फोन ठेवता येईना.

हात तलावातून सुटला होता, पण तलाव हातातून पुरता सुटला नव्हता. तळहातावर जो चिकट थर राहिला होता त्यानं मोबाईल धरला होता. लाल बटणापर्यंत अंगठा पोचत नव्हता, कारण अंगठाही चिकटला होता. दुसऱ्या हातानं सोडवायला जावं, तर तोही गेला असता. तेवढं भाऊंच्या लक्षात आलं. फवारा संपला होता. ड्रायव्हर बाटली उलटी करून दाखवत होता.

आजवर भाऊंनी हजारो फोन 'बघतो' म्हणून ठेवले होते. हा ठेवता येत नव्हता. पलीकडचा माणूस ताटकळत "हां भाऊ, अजून काही?" म्हणत राहिला, आणि काहीतरी बोलणं भाग होतं.

"एक दिवसाआड नको, रोज पाठवा," भाऊ म्हणाले.

"हां भाऊ. ठेवू?"

"ठेवा ना तुम्ही."

"छे छे, भाऊ. तुमच्याआधी मी कसा ठेवीन?"

"मग... दोन खेपा करा."

"करतो. अजून?"

भाऊंनी केविलवाण्या नजरेनं गावाकडं बघितलं. गाव मोठ्या रसानं ऐकत होतं. लंकाबाई हळूच पुढं झाल्या. "भाऊ, शाळंपाशी येक टाकी बी सांगता का? मागच्या साली यान केलं, तवापास्नं गळती."

"शाळेपाशी एक टाकी," भाऊ फोनमध्ये म्हणाले.

बॅटरी संपली तेव्हा गावाला रोज दोन खेपा, एक टाकी, आणि वाटेवरच्या खड्ड्यात चार पाट्या मुरूम एवढं मिळालं होतं. संध्याकाळी टँकर आला. टँकरवाला उतरला, सरळ मंडपात गेला, कोरडा तलाव बघितला आणि म्हणाला, "आता कसं. फोटूत येगळंच दावतात."

बाया कळशा भरत होत्या. सत्यशीला काकूंनी भरलेली कळशी कमरेवर घेतली आणि मुद्दाम अण्णांच्या दारावरून गेल्या. "रामहरी भावजी, पोराच्या उद्योगाचा उपयोग झाला बरं. तेवढी माजी सून भाऊंच्या खिशात गेली, ती आनून द्या म्हनावं. न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

अण्णांनी न ऐकल्यासारखं केलं. पण ऐकलं होतं.

*

गणपती उठले. खऱ्या तलावात पाणी नव्हतं म्हणून विसर्जन नव्या टाकीत झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी वैजनाथ खोलीत पेट्या भरत बसला होता. एसटी जुन्या मोज्यात गुंडाळून झाली होती. रणगाडा हातात होता. बाहेर अण्णांचं पाऊल वाजलं. जे एकदा म्हटलं ते अण्णा करणार, हे त्याला माहिती होतं. माणसानं म्हणावं ही अट काकूंनी पुरी केली होती, पण त्यावर अण्णा 'मंग बघू' एवढंच म्हणाले होते, आणि कांद्याबद्दल स्पष्ट 'जाईल' म्हणाले होते.

अण्णा दारात उभे राहिले. "गनपती उठलं."

"हो, अण्णा."

"खोलीत कांदा जाईल म्हनलं हुतं."

"हो."

अण्णांनी मागचा हात पुढं केला. हातात तो कोनाड्यातला कांदा होता. तसाच तांबूस, तसाच चमकणारा, ना कोंब ना डाग. त्यांनी फळीवरची धूळ उपरण्यानं पुसली, रणगाड्याच्या मोकळ्या जागेशेजारी कांदा ठेवला, जरा डावीकडं सरकवला, लांबून बघितला, पुन्हा उजवीकडं घेतला.

"गेला," अण्णा म्हणाले.

वैजनाथनं हातातला रणगाडा पुन्हा फळीवर, कांद्याशेजारी ठेवला. अण्णा वळले, उंबऱ्यापर्यंत गेले आणि तिथून मागं न बघता म्हणाले, "त्याला हात लावू नको. भाव आला की काढायचाय."